पडदा आधी की छापखाना? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहावर लेख होता, १९१५ च्या पॅलेस थिएटरपासून ते ८ ऑगस्ट २०२४ च्या आगीपर्यंत. त्यावर पत्रं येणार हे माहीत होतंच, पण निम्म्याहून जास्त पत्रांत थिएटर राहिलं बाजूला आणि प्रश्न सगळे नाटकांच्या पुस्तकांचे. कुठलं कधी छापलं, कुणी छापलं, पहिली आवृत्ती कशी ओळखायची, बसवायला परवानगी लागते का. ठीक आहे, यावेळचं सगळं सदर त्यालाच देऊन टाकू. पत्रं थोडी कापलीत, राग मानू नका.

आजोबांच्या ट्रंकेत संगीत सौभद्रचं जुनं पुस्तक सापडलंय. नावाच्या पानामागं १८६७ असं छापलंय. म्हणजे दीडशे वर्षांच्या वरचं झालं की! पहिली आवृत्ती असंल काय? आणि किंमत किती येईल? (शिवाजी पेठ)

किमतीचं नंतर, आधी त्या १८६७ चं बघू. सौभद्रचा पहिला प्रयोग झाला १८ नोव्हेंबर १८८२ ला आणि तोसुद्धा पहिल्या तीनच अंकांचा, पाचही अंकांचं अख्खं सौभद्र लोकांनी बघितलं ते पुढच्या वर्षी. त्यामुळं १८६७ साली पुस्तक छापलं जाणं शक्यच नाही. मग आकडा आला कुठनं? ती ओळ परत एकदा नीट वाचा, अक्षर बारीक असतं, शाई उडालेली असते, पण बहुतेक 'सन १८६७ च्या २५ व्या आक्टाप्रमाणे नोंदून सर्व हक्क स्वाधीन ठेवले आहेत' अशा धाटणीचं काहीतरी असणार. हा इंग्रजांचा छापखाने आणि पुस्तकं नोंदवायचा कायदा. पुस्तक छापलं की प्रती सरकारात द्यायच्या, नोंद करायची आणि नोंद केलीय हे पुस्तकात छापायचं. पुढं कितीतरी दशकं ही ओळ मराठी पुस्तकांवर येत राहिली, त्यामुळं १९२० च्या पुस्तकावर पण १८६७ दिसतं आणि जुन्या बाजारात तोच आकडा दाखवून भाव चढवणारे भेटतात, तेवढं सांभाळा.

खरं साल काढायचं तर वरचं कव्हर सोडून द्या, ते बहुतेकदा नंतर कुणीतरी बाइंडिंग करताना बदललेलं असतं. आतल्या नावाच्या पानावर शके असेल तर त्यात ७८ मिळवा, शके १८०४ म्हणजे १८८२ (जानेवारी ते पाडवा या काळातलं असेल तर ७९). शके नसेल तर किंमत बघा. आण्यात असेल तर बहुतेक १९५७ च्या आधीचं, कारण त्या वर्षीच्या १ एप्रिलला दशमान नाणी आली, आणि 'नवे पैसे' लिहिलं असेल तर १९५७ ते ६४ मधलं, कारण ६४ नंतर पैशातलं 'नवे' गळून गेलं. आवृत्ती कितवी ते बहुतेक त्याच पानावर असतं. याउपर शंका राहिली तर शं. ग. दात्यांची मराठी ग्रंथसूची बघायची, पहिला भाग १८०० ते १९३७ आणि दुसरा १९३८ ते १९५०, त्यात नाटकांचा विभाग आहे. भवानी मंडपाजवळच्या करवीर नगर वाचन मंदिरात विचारा, नाहीतर शिवाजी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात.

इथं एक जुनी तक्रार नोंदवून घेतो. शंभर वर्षांपूर्वीचे छापखानेवाले 'आवृत्ती तिसरी, प्रती १०००' असं सगळं सांगायचे आणि आजचे काही प्रकाशक जुनं नाटक नव्या कव्हरात घालून नुसतं यंदाचं साल टाकतात, पहिली आवृत्ती कधी, पहिला प्रयोग कधी, पत्ताच नाही. मुलांना वाटतं नाटक आत्ताच लिहिलंय.

किमतीचं म्हणाल तर घेणाऱ्याच्या हौसेवर आहे, आकडा मी सांगणार नाही. सेलोटेप मात्र लावू नका आणि लॅमिनेशन तर अजिबात नको.

सर, आम्ही कॉलेजचा ग्रुप एकच प्यालामधला एक प्रवेश करतोय. निवेदनात साल सांगायचं होतं तर कुठं १९१७ सापडतंय कुठं १९१९. आणि आमच्यातला एकजण म्हणतोय की पदं गडकऱ्यांची नाहीतच. असं कसं ओ? (कागल)

तुमच्या मित्राला चहा पाजा, त्याचं बरोबर आहे. संवाद गडकऱ्यांचे, पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांची. गुर्जर म्हणजे त्या काळचे नावाजलेले कथालेखक आणि गडकऱ्यांचे मित्र. 'कशि या त्यजूं पदाला' ऐकून डोळे पुसणाऱ्या कितीतरी लोकांना अजून वाटतं की ते गडकऱ्यांनीच लिहिलंय, आणि पुस्तकात गुर्जरांचं नाव असलं तरी ते पान कोण बघतंय.

सालाचा घोळ असा आहे की एक साल लिहिल्याचं आणि एक प्रयोगाचं, आणि इंटरनेटवर दोन्ही एकाच रकान्यात भरून टाकतात. नाटक लिहून आधीच झालं होतं. गडकरी गेले २३ जानेवारी १९१९ ला, नागपूरजवळ सावनेरला, वय वर्षं ३३. आणि गंधर्व नाटक मंडळीनं एकच प्यालाचा पहिला प्रयोग केला २० फेब्रुवारी १९१९ ला बडोद्यात. महिनासुद्धा उलटला नव्हता. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर, ज्यावर पुढं पिढ्यान् पिढ्या लोक बोलत राहिले, ते लेखकानं बघितलंच नाही.

आणि हे एकट्या एकच प्यालाचं नाही. त्यांची पूर्ण नाटकं चार, त्यातली प्रेमसंन्यास आणि पुण्यप्रभाव तेवढी त्यांच्या डोळ्यांदेखत रंगभूमीवर आली. भावबंधन शेवटच्या आजारपणात कसंबसं पुरं झालं आणि बळवंत संगीत मंडळीनं ते केलं तेव्हा गडकरी नव्हते, चिंतामणराव कोल्हटकरांचा घनश्याम आणि दीनानाथांची लतिका त्यातलीच. राजसंन्यास तर अर्धंच राहिलं आणि जेवढे प्रवेश सापडले तेवढे मागाहून छापले, त्यामुळं ते पुस्तक वाचताना मध्येच रस्ता संपल्यासारखं होतं. तरी लोक ते वाचतात, भाषेसाठी.

तुमच्या निवेदनात एवढंच सांगा : लेखक राम गणेश गडकरी, पदं वि. सी. गुर्जर, पहिला प्रयोग २० फेब्रुवारी १९१९, बडोदा. पुस्तकाच्या सालाच्या भानगडीत पडूच नका. आणि आर्यमदिरामंडळाचा, म्हणजे दारुड्यांच्या मंडळाचा, प्रवेश करणार असाल तर टाळ्यांसाठी थांबायची सवय लावून घ्या, नाहीतर पुढची दोन वाक्यं वाया जातात.

सासूबाईंच्या सामानात मानापमानचं एक पातळ पुस्तक आहे. त्यात नुसती पदं आणि सुरवातीला थोडं कथानक आहे. संवादांची पानं फाटून गेली असतील का? (इचलकरंजी)

नाही ताई, तुमचं पुस्तक पुरं आहे. ते नाटकाचं पुस्तक नाही, पदांचं आहे. संगीत नाटकवाल्या कंपन्या थिएटरच्या दारातच ही बारकी पुस्तकं विकायच्या, तिकिटाच्या मानानं अगदी स्वस्त. माइक नव्हते, मागच्या बाकांवर शब्द नीट पोचत नसत, आणि पोचले तरी नाट्यपद म्हणजे तान आणि हरकतीत शब्द हरवायचेच. लोक पुस्तक मांडीवर उघडून ऐकायचे आणि घरी नेऊन तीच पदं पेटीवर काढायचे. म्हणून ही पुस्तकं चुरगाळलेली, तेलकट बोटांची, कडेला पेन्सिलीनं स्वर लिहिलेली अशीच सापडतात. कोरी करकरीत असली तर मलाच संशय येतो.

संगीत नाटकाच्या अभ्यासात ही पुस्तकं फार कामाची, कारण कंपनी बदलली, नट बदलला की पदं कमीजास्त व्हायची आणि मूळ पुस्तकात नसलेलं पद इथं सापडतं. मानापमान १२ मार्च १९११ ला किर्लोस्कर मंडळीनं आणलं, खाडिलकरांचं नाटक आणि चाली आपल्या गोविंदराव टेंब्यांच्या. तुमच्या पुस्तकावर कंपनीचं नाव काय आहे ते बघून कळवा. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त मानापमान, म्हणजे दोन कंपन्यांनी मिळून केलेलं, झालं, धैर्यधर केशवराव भोसले आणि भामिनी बालगंधर्व, आणि त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला केशवराव गेले. त्या खेळाशी संबंधित काही कागद तुमच्याकडं निघाला तर तो ट्रंकेत परत ठेवू नका, आधी आम्हाला फोटो पाठवा.

स्पर्धा परीक्षेच्या एका पुस्तकात पहिलं मराठी नाटक सीता स्वयंवर, दुसऱ्यात तृतीय रत्न, तिसऱ्यात थोरले माधवराव पेशवे. टिक कशाला करायची? (राजारामपुरी)

प्रश्न काय विचारलाय त्याच्यावर आहे आणि पेपर काढणारे नेमकं तेच नीट विचारत नाहीत.

पहिला प्रयोग म्हणाल तर विष्णुदास भावे, सीता स्वयंवर, १८४३, सांगली, ५ नोव्हेंबरचा रंगभूमी दिन त्याच्यावरूनच. पण त्या नाटकाला आजच्यासारखं पुस्तक नव्हतं. सूत्रधार पदं म्हणणार आणि पात्रं त्यावर आपापलं भाषण जागच्या जागी करणार. नंतर १८८५ साली भाव्यांचा नाट्यकवितासंग्रह छापला गेला तो पण पदांचाच. म्हणजे आपल्याकडं प्रयोग आधी जन्मला आणि संवाद कागदावर यायला नंतर वेळ लागला.

लिहिलेलं पहिलं आधुनिक नाटक म्हणाल तर जोतीराव फुल्यांचं तृतीय रत्न, १८५५. अडाणी शेतकरी नवराबायको, त्यांना लुबाडणारा जोशी, मध्येच बोलणारा विदूषक, आणि शेवटी नवराबायको रात्रीच्या शाळेत जायचं ठरवतात. फुल्यांनी ते पुस्तकांना बक्षीस देणाऱ्या सरकारी दक्षिणा प्राइझ कमिटीकडं दिलं आणि कमिटीनं ते नाकारलं. मग छापणार कोण आणि करणार कोण? हस्तलिखित पडून राहिलं ते १९७९ पर्यंत, तेव्हा पुरोगामी सत्यशोधक या नियतकालिकात ते पहिल्यांदा छापून आलं. १२४ वर्षं! त्यामुळं जुन्या नाट्येतिहासाच्या पुस्तकांत त्याची दखल नसते आणि नव्यांत असते, तुमच्या गाइडांतला फरक बराचसा तिथनंच आलाय. माझं स्वतःचं मत विचाराल तर नाटक लिहिलं गेलं तेव्हापासून ते आहे, कमिटीनं नाकारलं म्हणून त्याचा नंबर मागं जात नाही.

आणि छापलेलं पहिलं स्वतंत्र गद्य नाटक म्हणाल तर विनायक जनार्दन कीर्तन्यांचं थोरले माधवराव पेशवे, १८६१. आता याच्यात कुणी तंजावरच्या भोसले राजांची नाटकं काढली, सतराव्या शतकाच्या शेवटापासूनची, तर वाद आणखी दीडशे वर्षं मागं जातो. परीक्षेत मात्र 'जनक' किंवा 'पहिला प्रयोग' दिसला की भावे, 'सामाजिक' दिसलं की फुले, आणि चौकट भरून पुढं जा, तिथं वाद घालायला जागा नसते.

मी इंग्रजीचा निवृत्त शिक्षक. हॅम्लेटची तीन निरनिराळी पुस्तकं उपलब्ध असल्याचे वाचले. त्यातले खरे कोणते? शिवाय आगरकरांच्या भाषांतराचा आपल्या कोल्हापूरशी काही संबंध आहे असे एका व्याख्यानात ऐकले, ते काय आहे? (गडहिंग्लज)

सर, तुमचं पत्र वाचून मजा आली, याच्यावर मला पानंच्या पानं लिहिता येतील पण संपादक ओरडतील.

तीन पुस्तकं आहेत हे बरोबर. पहिलं १६०३ चं, लहान आकाराचं, क्वार्टो म्हणतात ते. दुसरं १६०४-०५ चं, पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट. आणि तिसरं १६२३ च्या फोलिओतलं. शेक्सपिअर १६१६ ला गेला आणि त्याच्या कंपनीतल्या हेमिंग्ज आणि काँडेल या दोघा नटांनी सात वर्षांनी त्याची ३६ नाटकं गोळा करून एक जाडजूड पुस्तक काढलं ते फोलिओ. यातली १८ नाटकं त्याआधी कुठंच छापलेली नव्हती. मॅकबेथ, ज्युलियस सीझर, टेम्पेस्ट, ट्वेल्फ्थ नाइट, सगळी त्यातलीच. दोन नटांनी खटपट केली नसती तर आज मॅकबेथ आपल्यापर्यंत आलंच असतं असं सांगता येत नाही.

इतकी गाजलेली नाटकं छापत का नव्हते? कारण संहिता ही कंपनीची पुंजी. पुस्तक बाजारात आलं की दुसरी कंपनी तेच करणार. आपल्या कंपन्यांतही हेच चालायचं, नटाच्या हातात अख्खं नाटक यायचं नाही, फक्त त्याची नक्कल मिळायची, म्हणजे त्याची स्वतःची भाषणं आणि प्रत्येक भाषणाच्या आधी समोरच्याच्या वाक्याचे शेवटचे दोन-तीन शब्द, बस. लंडनला पण तसंच होतं. आता १६०३ चं पुस्तक उघडा. मॅर्सेलस नावाचा पहारेकरी आहे ना पहिल्या अंकातला, त्याची भाषणं त्यात जवळजवळ अचूक आहेत आणि तो नसतो तिथं बऱ्याच ठिकाणी सगळं ढिसाळ. त्यामुळं असा एक तर्क आहे की मॅर्सेलस करणाऱ्या नटानंच आठवेल तसं सांगून ते छापणाऱ्याला दिलं. सगळे अभ्यासक मानत नाहीत पण नाटकवाल्या माणसाला हा तर्क लगेच पटतो, आपली भाषणं पाठ आणि दुसऱ्याची अंदाजपंचे असा नट कुठल्या ग्रुपात नसतो! त्यात पोलोनिअसचं नाव कोरँबिस आहे आणि ते जगप्रसिद्ध स्वगत सुरू होतं ते 'टू बी ऑर नॉट टू बी, आय देअर्स द पॉइंट' असं. म्हणजे जगावं की मरावं, हां, तीच तर मेख आहे. या पुस्तकाची प्रत १८२३ पर्यंत कुणाच्या नजरेस आलेली नव्हती आणि आजही जगात दोनच प्रती आहेत.

खरं कोणतं? शाळा-कॉलेजात आपण जे शिकलो, तुम्ही शिकवलंत, ते दुसरं क्वार्टो आणि फोलिओ यांचं संपादकांनी केलेलं मिश्रण. जसंच्या तसं ते शेक्सपिअरच्या काळी कधी कुणी केलंय याला पुरावा नाही. शेक्सपिअरच्या आवृत्त्या काढणाऱ्या आर्डेनवाल्यांनी २००६ साली तिन्ही वेगवेगळी छापली आणि मला तेच प्रामाणिक वाटतं.

आता आगरकर. केसरी आणि मराठा या पत्रांनी कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे चौथ्या शिवाजी महाराजांचा छळ करतायत असं छापलं, बर्व्यांनी अब्रूनुकसानीचा खटला भरला आणि १८८२ साली टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले. १०१ दिवस. त्याच मुक्कामात आगरकरांनी हॅम्लेटचं भाषांतर हाती घेतलं आणि १८८३ साली ते विकारविलसित या नावानं छापलं, वर भाषांतर कसं करावं यावर लांबलचक प्रस्तावना. म्हणजे कोल्हापूर प्रकरण झालं नसतं तर मराठी हॅम्लेट तेव्हा आला असता का, हा तुमच्या व्याख्यात्यांचा मुद्दा असणार. त्यातला हॅम्लेट म्हणजे चंद्रसेन, आणि शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशांनी तो असा काही उभा केला की आगरकरांची ग्रांथिक भाषा लोकांनी टाळ्या वाजवत ऐकली. इथं मात्र पुस्तक आधी आणि पडदा नंतर. लिहिणारा संपादक होता, कंपनीचा माणूस नव्हता, हे त्यामागचं साधं कारण असावं.

सखाराम बाइंडरवर बंदी आली तेव्हा पुस्तक वाचायला मिळत होतं का? की पुस्तकावर पण बंदी? (मंगळवार पेठ)

तेंडुलकरांच्या या नाटकाचं पुस्तक १९७२ सालीच आलं होतं आणि त्याला कुणी हात लावला नाही. आपल्याकडं परिनिरीक्षण मंडळ, ज्याला सगळे नाटकवाले सेन्सॉरच म्हणतात, ते प्रयोगाला प्रमाणपत्र देतं किंवा नाकारतं. छापण्याशी त्याचा संबंध नाही. त्यामुळं मजा अशी की जी वाक्यं निळूभाऊ फुल्यांनी स्टेजवरनं म्हणायची नाहीत तीच वाक्यं कुणीही दुकानातनं विकत घेऊन घरी मोठ्यानं वाचू शकत होतं. नाटकाचे दिग्दर्शक कमलाकर सारंग हायकोर्टात गेले, जिंकले, आणि नंतर त्या सगळ्या धामधुमीवर त्यांनी बाइंडरचे दिवस हे पुस्तक लिहिलं, मिळालं तर सोडू नका.

इंग्रजांच्या वेळी एवढी सोय नव्हती. खाडिलकरांचं कीचकवध १९०७ साली महाराष्ट्र नाटक मंडळीनं आणलं, कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे पिटातल्या माणसाला पण न सांगता कळत होतं, आणि १९१० साली सरकारनं प्रयोग थांबवले आणि पुस्तकही जप्त ठरवलं. प्रयोगासाठी हाताशी कायदा होता १८७६ चा, नाट्यप्रयोग नियंत्रणाचा, आणि पुस्तकासाठी १९१० चा नवा प्रेस ॲक्ट. तो १८७६ चा कायदा केंद्राच्या पुस्तकातनं निघाला कधी माहितीय? आत्ता आत्ता, २०१८ मध्ये.

बंगालमध्ये उलटं झालं. दीनबंधू मित्रांचं नीलदर्पण, नीळ पिकवायला लावणाऱ्या गोऱ्या मळेवाल्यांच्या जुलमावरचं, १८६० साली ढाक्यात लेखकाच्या नावाशिवाय छापलं. त्याचं इंग्रजी भाषांतर जेम्स लाँग या पाद्र्यानं काढलं आणि १८६१ साली त्यालाच एक महिना कैद आणि हजार रुपये दंड. कलकत्त्यात तिकीट लावून त्याचा जाहीर प्रयोग व्हायला १८७२ उजाडलं. म्हणजे खेळामुळं नाही, नुसत्या पुस्तकावर माणूस आत गेला. आणि लंडनमध्ये बर्नार्ड शॉचं मिसेस वॉरन्स प्रोफेशन सेन्सॉरनं अडवलं तेव्हा त्यानं सरळ १८९८ साली पुस्तकातच छापून टाकलं, वाचणाऱ्यासाठी लांबलचक रंगसूचना आणि प्रस्तावना घालून. तिथं पहिला जाहीर प्रयोग झाला १९२५ ला. शॉच्या प्रस्तावना नाटकाएवढ्या लांब का, याचं एक कारण हे पण.

थोडक्यात उत्तर द्या : नटसम्राटचं नक्की साल कुठलं, १९७० की १९७४? आणि इब्सेनच्या डॉल्स हाउसचं पुस्तक प्रयोगाच्या आधी आलं होतं हे खरं का? (जयसिंगपूर)

नटसम्राटचा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७०, गोवा हिंदू असोसिएशन, डॉ. लागू. १९७४ हे साहित्य अकादमी पुरस्काराचं साल. पुरस्कार पुस्तकाला असतो, म्हणून दोन तारखा.

डॉल्स हाउसचं खरं आहे. पुस्तक ४ डिसेंबर १८७९ ला कोपनहेगनमध्ये बाजारात, प्रयोग २१ डिसेंबरला. ८००० प्रतींची पहिली आवृत्ती महिन्याभरात संपली. नाताळच्या खरेदीच्या तोंडावर नाटकाचं पुस्तक काढायचं आणि लोकांनी ते वाचून मग थिएटरात यायचं, अशी तिकडची रीत. आपल्याकडं त्यातली घर सोडणारी नायिका नोरा १९४२ साली रांगणेकरांच्या कुलवधूतनं आली, ज्योत्स्नाबाई भोळ्यांच्या रूपात, आणि तिला लोकांनी वाचायच्या आधी ऐकलं.

आमचं हौशी मंडळ आहे. जुनी नाटकं करायची तर कुणाची परवानगी लागते? पुस्तक तर आम्ही विकत घेतलंय. (जुना बुधवार)

पुस्तक विकत घेतलं म्हणजे वाचायचा हक्क मिळाला, प्रयोगाचा नाही. उघडल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या पानावर 'प्रयोगाचे हक्क अमक्याकडे' असं लिहिलेलं असतं, त्यांना आधी पत्र लिहायचं.

हिशोब असा : लेखक गेल्याच्या पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं हक्क वारसांकडं. देवल १९१६ ला गेले, मोकळे. खाडिलकर १९४८, मोकळे. मामा वरेरकर १९६४, म्हणजे १ जानेवारी २०२५ पासून मोकळे, आणि त्यांचं हाच मुलाचा बाप केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्श नाटक कंपनीनंच आणलं होतं, कोल्हापूरच्या मंडळानं विचार करायला हरकत नाही. अत्र्यांना अजून वेळ आहे, ते १९६९ ला गेले, २०२९ च्या डिसेंबरअखेर हक्क राहणार. कुसुमाग्रज, कानेटकर, पुलं, तेंडुलकर यांचं तर तुमच्या मुलांनी बघायचं.

संगीत नाटकात एक मेख असते. एकच प्यालाचे संवाद कधीचे मोकळे पण पदकर्ते गुर्जर १९६२ पर्यंत होते, त्यामुळं पदांची ६० वर्षं भरली ती २०२२ च्या शेवटी. एकाच पुस्तकात दोन हिशोब. म्हणून लेखकाबरोबर पदं कुणाची ते बघायचं, आणि भाषांतर किंवा रूपांतर असेल तर भाषांतरकाराचं साल वेगळं धरायचं.

कायद्यात थोडी सूट पण आहे. शाळा-कॉलेजात मुलं आणि शिक्षक यांनी केलं आणि बघायला तेच आणि पालक असले तर परवानगी लागत नाही. हौशी मंडळानं फुकट दाखवलं तरी चालतं. तिकीट लावलं की संपलं. राज्य नाट्य स्पर्धेला तर लेखकाचं किंवा वारसांचं पत्र आणि सेन्सॉरचं प्रमाणपत्र दोन्ही लागतं आणि दरवर्षी कुणीतरी शेवटच्या आठवड्यात धावत असतं. लेखकाच्या घरच्यांना फोन करताना मानधनाचा आकडा आधी विचारून घ्या, बहुतेक लोक हौशी मंडळाला समजून घेतात, पण न सांगता प्रयोग झाला आणि पेपरात फोटो आला तर मग समजून घेत नाहीत.